पैसे आले, पण कुठल्या बिलांचे? शीटवर शोधायचं कसं आणि फसायला कुठे होतं



मे महिन्याच्या शेवटी आपल्या ऑफिसात एक प्रश्न रोज ऐकू येतो. "खात्यात पैसे आले आहेत, पण कुठल्या बिलांचे?" १ जूनला बंदी लागते, ३१ जुलैपर्यंत बोटी जेटीला बांधलेल्या. त्याआधी डिझेल, बर्फ, जाळी, खलाशी, सगळ्यांचे हिशेब मिटवायचे असतात. आणि नेमकी तेव्हाच एजंटकडून एक गोळा रक्कम जमा होते. सोबत ना बिल नंबर, ना तारीख. बँकेच्या मेसेजात फक्त आकडा.

मालीम असो, कुटबण असो, वास्को असो की शापोरा, हा अनुभव नवीन नाही. पूर्वी अशा वेळी वही उघडून, पेन्सिलीने खुणा करत, हे घे ते सोड असं करत तास-दोन तास जायचे. हे काम शीटवर, म्हणजे एक्सेल, गूगल शीट किंवा लिब्रे ऑफिसवर, दहा मिनिटांत होतं. ते कसं करायचं ते आज सांगतो. शीटवर विसंबून आम्ही स्वतः कुठे चुकणार होतो, तेही सांगतो. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

वहिनींची वही

आमच्या एका सभासदाच्या घरी बोटीचा सगळा हिशेब वहिनी बघतात. गेल्या मे महिन्यात त्या वही घेऊन ऑफिसात आल्या. एकाच एजंटकडे आठ बिलं बाकी होती:

बिल १: ३ मे, बांगडे, १८,१०० रुपये
बिल २: ६ मे, इसवण, २३,७५० रुपये
बिल ३: ९ मे, तारले, ९,६०० रुपये
बिल ४: १२ मे, सुंगटे, ३१,२५० रुपये
बिल ५: १५ मे, मिश्र मासळी, १४,८०० रुपये
बिल ६: १८ मे, माणकी, २७,३०० रुपये
बिल ७: २१ मे, मिश्र मासळी, १२,४५० रुपये
बिल ८: २४ मे, बांगडे, २०,६५० रुपये

एकूण येणं १,५७,९०० रुपये. २७ मे रोजी खात्यात जमा झाले ६९,८०० रुपये.

आता कोणी म्हणेल, कुठल्या बिलांचे का असेनात, १,५७,९०० मधून ६९,८०० वजा केले, उरले ८८,१००, झाला हिशेब. एकट्याचा धंदा असता तर कदाचित चाललं असतं. पण वहिनींच्या बोटीवर ४ आणि ८ या दोन फेऱ्यांना दोन बदली खलाशी होते. फेरीचे पैसे आले की त्या फेरीचा वाटा त्यांना द्यायचा, असं ठरलेलं. दोघांची गाडी ३० तारखेची. बिल ४ आणि बिल ८ चे पैसे आले असतील तर त्यांना वाटा हातात देऊनच पाठवायला हवं. आले नसतील तर वहिनींनी तो खिशातून द्यायचा की ऑगस्टपर्यंत थांबायला सांगायचं? प्रश्न दोन माणसांच्या कष्टाच्या पैशांचा होता.

हाताने का जमत नाही

प्रत्येक बिलाच्या बाबतीत दोनच शक्यता असतात: या रकमेत ते आहे किंवा नाही. एका बिलाच्या दोन शक्यता, दोन बिलांच्या चार, तीन बिलांच्या आठ. दर बिलाला आकडा दुप्पट होतो. आठ बिलांच्या २५६ जुळण्या. दहा बिलांच्या १,०२४. पंधरा बिलांच्या ३२,७६८. वीस बिलांच्या १०,४८,५७६.

वहीवर आपण फार तर वीस-पंचवीस जुळण्या करून बघतो. त्यात एखादी जुळली की हुश्श म्हणून थांबतो. बाकीच्या सव्वादोनशे आपण पाहिलेल्याच नसतात. शीट मात्र सगळ्या २५६ मांडते आणि एकही सोडत नाही.

पूर्ण तक्ता मांडायची पद्धत

ही पद्धत कुठल्याही शीटमध्ये चालते. वेगळं काही बसवावं लागत नाही. पहिल्यांदा संगणकावर तयार करा, नंतर तीच फाइल फोनवर उघडता येते. खाली सूत्रं आम्ही देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायची.

१) पहिल्या ओळीत बी पासून आय पर्यंतच्या आठ सेलमध्ये बिल नंबर लिहा.

२) दुसऱ्या ओळीत त्याच्याच खाली बिलांच्या रकमा. स्वल्पविराम टाकू नका, नुसता आकडा. त्याच ओळीत अगदी डावीकडे, म्हणजे ए२ मध्ये, खात्यात आलेली रक्कम: ६९८००. जे२ मध्ये 'बेरीज' आणि के२ मध्ये 'फरक' असं लिहून ठेवा.

३) ए३ मध्ये ०, ए४ मध्ये १ लिहा. दोन्ही सेल एकत्र निवडून कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढा, २५५ येईपर्यंत. शेवटचा सेल ए२५८ असेल. शून्यापासून मोजल्यामुळे २५५ पर्यंत बरोबर २५६ ओळी होतात.

४) बी३ मध्ये हे सूत्र टाका:
=मॉड(इंट($ए३/२^(कॉलम()-२)),२)
मॉड म्हणजे एम-ओ-डी, इंट म्हणजे आय-एन-टी. डॉलरची खूण विसरू नका. हा सेल आधी उजवीकडे आय पर्यंत ओढा आणि मग सगळी ओळ खाली २५८ पर्यंत ओढा. सगळीकडे ० आणि १ दिसायला लागतील. १ म्हणजे ते बिल त्या जुळणीत आहे, ० म्हणजे नाही. हे सूत्र ओळीच्या क्रमांकाचं दोन-दोनच्या पटीत विभाजन करतं, त्यामुळे प्रत्येक जुळणी एकदाच येते आणि एकही सुटत नाही.

५) जे३ मध्ये बेरीज:
=समप्रॉडक्ट($बी$२:$आय$२,बी३:आय३)
सम आणि प्रॉडक्ट हे दोन इंग्रजी शब्द जोडून लिहायचे. ज्या बिलाखाली १ आहे त्याचीच रक्कम हे सूत्र बेरजेत घेतं.

६) के३ मध्ये फरक:
=एबीएस(जे३-$ए$२)
बेरीज कमी असो वा जास्त, फरक नुसत्या आकड्यात दिसतो. जे आणि के दोन्ही खाली ओढा.

७) आता दुसऱ्या ओळीपासून खालचा सगळा तक्ता निवडा आणि फिल्टर लावा. 'फरक' या कॉलमात अट द्या: ५०० किंवा त्यापेक्षा कमी.

झालं. २५६ ओळींतल्या फक्त जवळच्या ओळी समोर उरतात.

दोन सूचना. गूगलच्या नव्या शीटमध्ये १,००० ओळीच असतात. दहा बिलं असतील तर आधी खाली ओळी वाढवून घ्या, नाहीतर तक्ता अर्ध्यावर तुटतो आणि लक्षातही येत नाही. आणि सूत्रात चूक दाखवली तर स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम टाकून बघा, काही संगणकांवर तसं लागतं.

शीटने काय दाखवलं

वहिनींच्या तक्त्यात फिल्टर लावल्यावर चार ओळी उरल्या:

पहिली: बिल २, ४, ५. बेरीज ६९,८००. फरक शून्य.
दुसरी: बिल १, ३, ५, ६. बेरीज ६९,८००. फरक शून्य.
तिसरी: बिल १, ४, ८. बेरीज ७०,०००. फरक २००.
चौथी: बिल ३, ६, ७, ८. बेरीज ७०,०००. फरक २००.

खरं सांगतो, शीट उघडण्याआधी वहिनींनी वहीवर पहिली जुळणी स्वतःच काढली होती. २, ४, ५ या बिलांसमोर पेन्सिलीने बरोबरची खूण करून झाली होती. एक रुपयाचाही फरक नाही, मग शंका कशाला? आम्हीही मान डोलावली असती. पण खाली दुसरी ओळही तितकीच बिनचूक बसत होती आणि तिच्यात पहिल्या ओळीतलं बिल ५ सोडून एकही बिल नव्हतं. दोन्ही एकदम खऱ्या असूच शकत नाहीत.

त्या दोन खलाशांच्या बाजूने बघा. पहिली ओळ खरी असेल तर बिल ४ चा वाटा द्यायचा, ८ चा नाही. दुसरी खरी असेल तर दोन्हींचा नाही. तिसरी खरी असेल तर दोन्हींचा द्यायचा. चौथी खरी असेल तर फक्त ८ चा. चार ओळी, चार वेगळी उत्तरं.

एजंटच्या मुनिमाला फोन केला. इथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम पाळली. "२, ४, ५ चे पैसे टाकलेत ना?" असं विचारलं नाही. गडबडीत असलेला माणूस अशा प्रश्नाला "हो हो" म्हणून फोन ठेवतो. आम्ही विचारलं, "२७ तारखेचे ६९,८०० कुठल्या कुठल्या बिलांचे, तुमच्या वहीत बघून सांगता का?" त्यांनी वही बघून सांगितलं: १, ४ आणि ८. या तीन मालांचे पैसे त्यांना पुढच्या व्यापाऱ्याकडून आले, म्हणून त्यांनी पुढे दिले. ७०,००० होत होते, त्यातून २०० रुपये हमालीचे कापले.

म्हणजे शून्य फरकाच्या दोन्ही ओळी खोट्या ठरल्या आणि २०० रुपये फरकाची ओळ खरी निघाली. खलाशांना दोन्ही फेऱ्यांचा वाटा मिळाला आणि ते ३० तारखेच्या गाडीने गेले.

पेन्सिलीची खूण तशीच राहिली असती तर काय झालं असतं, तेही मोजून ठेवलं. वहीत बिल १ आणि ८ बाकी दिसली असती, ३८,७५० रुपयांची. ती आपण मागितली असती, एजंट म्हणाला असता "दिली की". आणि जी खरोखर बाकी होती ती २ आणि ५, म्हणजे ३८,५५० रुपयांची, आपणच आपल्या हाताने वहीतून खोडली असती. आपण म्हणणार एजंट लबाड, एजंट म्हणणार बोटवाले लबाड, आणि खरं तर दोघांपैकी कोणीच लबाडी केलेली नसती. जेटीवरची किती भांडणं अशी पेन्सिलीच्या एका खुणेवरून सुरू होत असतील, सांगता येत नाही.

बेरीज योगायोगाने का जुळते

आपली बिलं बहुधा पन्नासच्या पटीत असतात. किलोचा भाव गोल, वजन गोल, वर शेवटचे दहा-वीस रुपये सोडून द्यायची सवय. त्यामुळे वेगवेगळ्या बेरजा होण्याला जागाच कमी उरते.

वीस बिलं घ्या, सरासरी २०,००० रुपयांची. एकूण ४ लाख. पन्नासच्या पटीत शून्यापासून ४ लाखांपर्यंत जेमतेम ८,००० वेगवेगळ्या बेरजा होऊ शकतात. आणि जुळण्या किती? साडेदहा लाखांहून थोड्या कमी. म्हणजे एकेका बेरजेच्या वाट्याला सरासरी १३० जुळण्या. खात्यात कुठलीही रक्कम आली तरी "बरोब्बर जुळणारी" बिलं सापडणारच, तीही शेकड्याने. त्यांतली एक खरी, बाकी सगळे योगायोग.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, बिलं जितकी जास्त साचतील तितका जुळणीचा भरवसा कमी. चार-पाच बिलं बाकी असताना शून्य फरक आला तर त्याला बऱ्यापैकी वजन आहे. वीस बिलं असताना शून्य फरकाला काहीच वजन नाही.

दोन, बिल गोल करू नका. १८,१०० ऐवजी जे काही खरं होतं ते, समजा १८,१३७, तसंच लिहा. विषम रुपये असलेली बिलं योगायोगाने जुळणं फार कठीण असतं. व्यापाऱ्याला सूट द्यायची तर द्या, पण ती बिलावर वेगळ्या ओळीत दाखवा.

तक्ता मांडण्याआधी बिलं गाळा

शीटला काय खरं असू शकतं आणि काय नाही हे कळत नाही, ते आपल्याला माहीत असतं. म्हणून सगळी बिलं आत ढकलण्याआधी हे बघा:

पैसे आल्याच्या तारखेनंतरचं बिल काढून टाका. ते त्या रकमेत असूच शकत नाही.

ज्या बिलाच्या वजनावर किंवा भावावर वाद चालू आहे ते वेगळं ठेवा. एजंट ते शक्यतो शेवटी देतो.

ज्या बिलाचे पैसे आल्याची लेखी खात्री झाली आहे ते पुन्हा तक्त्यात घेऊ नका.

एजंट काय काय कापतो ते आधी लिहून काढा: हमाली, काटा, बर्फ, दलाली, उचल. वहिनींच्या एजंटची २०० रुपये हमाली आम्हाला आधी आठवली असती तर तिसऱ्या आणि चौथ्या ओळीकडे आमचं लक्ष पहिल्यांदाच गेलं असतं. फरकाची अट ५०० ठेवायची की २,००० हे या कपातींवरून ठरवा. अट शून्याची ठेवलीत तर खरी ओळ दिसणारच नाही.

बिलं खूप असतील तर: सॉल्व्हर

पंधरा बिलांपर्यंत वरचा तक्ता चालतो. वीस बिलांना तो बसतच नाही. एक्सेलच्या एका शीटमध्ये २००७ पासून १०,४८,५७६ ओळी असतात. वीस बिलांच्या जुळण्याही नेमक्या तितक्याच आहेत, आणि वरच्या दोन ओळी तर बिल नंबर आणि रकमांनीच घेतल्या.

अशा वेळी सॉल्व्हर नावाचं साधन वापरता येतं. एक्सेलमध्ये ते ॲड-इन्समधून चालू करावं लागतं, मग डेटा या टॅबवर दिसतं. लिब्रे ऑफिस फुकट मिळतं आणि त्यात ते टूल्समध्ये असतंच. फोनच्या एक्सेलमध्ये ते नाही.

मांडणी अशी: बी कॉलमात रकमा उभ्या, शेजारी सी कॉलमात सगळीकडे ०. ई१ मध्ये बी आणि सी चं समप्रॉडक्ट. सॉल्व्हरला सांगायचं: ई१ जास्तीत जास्त कर, बदलायचे सेल सी कॉलमातले, ते फक्त ० किंवा १ असू देत (यादीत हा पर्याय 'बिन' किंवा 'बायनरी' या नावाने असतो), आणि ई१ आलेल्या रकमेपेक्षा जास्त होऊ देऊ नकोस. एक्सेलमध्ये पद्धत 'सिम्प्लेक्स एलपी' निवडा. असं केलं की आलेल्या रकमेच्या खालून सर्वात जवळची जुळणी मिळते. वरून बघायचं असेल तर उलट करा: ई१ आलेल्या रकमेपेक्षा निदान एक रुपया जास्त असू दे आणि कमीत कमी कर. कपातीची शक्यता असेल तेव्हा हे वरून बघणं सोडू नका. एजंट पैसे कापून देतो, त्यामुळे खरी बेरीज आलेल्या रकमेच्या वरच असते.

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला, एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये ऑप्शन्सच्या आत 'इंटिजर ऑप्टिमॅलिटी' नावाची एक टक्केवारी असते आणि तिथे आधीपासून १ लिहिलेला असतो. त्याचा अर्थ असा की उत्तर १ टक्क्याच्या आत आलं की सॉल्व्हर थांबू शकतो. ६९,८०० चा १ टक्का म्हणजे ६९८ रुपये. वहिनींच्या बिलांत १, २ आणि ६ यांची बेरीज ६९,१५० होते, फरक ६५०. शून्य फरकाच्या दोन ओळी असताना सॉल्व्हर हीच देऊन "उत्तर सापडलं" म्हणू शकतो. तिथे ० करा आणि मगच चालवा.

दुसरा, सॉल्व्हर एका वेळी एकच उत्तर देतो. वहिनींच्या बिलांवर तो चालवला असता तर शून्य फरकाची एक ओळ दाखवून गप्प बसला असता. दुसरी जुळणी आहे हे कळलंच नसतं, मग तिसरी तर दूरच. म्हणून आमचं मत असं की बिलं गाळून पंधराच्या आत आणा आणि पूर्ण तक्ताच मांडा. सॉल्व्हर नाइलाज असेल तेव्हाच वापरा.

कायदा काय म्हणतो

हा प्रश्न इतका जुना आहे की १८७२ च्या भारतीय करार कायद्यात त्यावर तीन कलमं आहेत: ५९, ६० आणि ६१.

कलम ५९: एकाच माणसाचं अनेक वेळचं देणं असेल आणि पैसे देताना त्याने हे अमुक देण्याचे असं सांगितलं, किंवा परिस्थितीवरून तसं स्पष्ट दिसत असलं, आणि आपण ते पैसे घेतले, तर ते त्याच देण्यात धरावे लागतात. परिस्थिती म्हणजे काय, याचं उदाहरण कायद्यातच दिलं आहे. इतर देण्यांबरोबर एक १,००० रुपयांची वचनचिठ्ठी आहे, तेवढ्या रकमेचं दुसरं देणं नाही, आणि चिठ्ठीची मुदत भरते त्या दिवशी १,००० रुपये आले, तर ते त्या चिठ्ठीचेच. म्हणजे कायदाही रकमेची जुळणी बघतो, पण तेवढ्या रकमेचं दुसरं काही नसेल तेव्हा. वहिनींकडे ६९,८०० च्या दोन जुळण्या होत्या, तेव्हा नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नव्हतं.

कलम ६०: देणाऱ्याने काही सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नाही, तर घेणाऱ्याला त्याच्या कुठल्याही कायदेशीर येण्यात ते पैसे धरता येतात.

कलम ६१: दोघांपैकी कोणीच ठरवलं नाही, तर जुन्या देण्यापासून क्रमाने पैसे धरायचे.

कायद्याने हक्क आहे म्हणून उठून मनाला येईल ती बिलं खोडा, असं आम्ही म्हणत नाही. रोज उठून त्याच एजंटला मासळी द्यायची असते. पण देणाऱ्याने नुसतं सांगितलं तरी प्रश्न मिटतो, हे कायद्यालाही दीडशे वर्षांपासून माहीत आहे. म्हणून आपणही आधी विचारू या.

येत्या हंगामासाठी एवढं करू या

१) प्रत्येक बिलाला नंबर द्या. "१२ तारखेची सुंगटे" हे बिल नंबर नव्हे. त्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या तर घोटाळा ठरलेला.

२) एजंटला आताच सांगून ठेवा की पैसे टाकताना शेऱ्याच्या जागी बिल नंबर लिहा. जागा पुरत नसेल तर व्हॉट्सॲपवर बिल नंबर, कापलेली रक्कम आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर, एवढं एका ओळीत पाठवा.

३) पैसे आल्यावर तीन दिवसांत विचारा. तेव्हा मुनिमाला आठवत असतं. मे अखेरीला त्याच्याकडे पन्नास बोटींचे फोन असतात.

४) शीटवर जुळणी काढलीत तर वहीत पेन्सिलीने 'अंदाज' लिहा. समोरून खात्री झाली की मगच पेनने खूण करा. खलाशाचा वाटा पेनच्या खुणेवरच ठरवा.

५) कापलेली रक्कम वेगळ्या कॉलमात लिहा. २०० रुपये छोटे वाटतात, पण हंगामभर प्रत्येक वेळी कापले जातात. वर्षाच्या शेवटी त्या कॉलमाची बेरीज करून बघा.

वहिनींनी आता आपली वही शीटवर घेतली आहे. खुणेसाठी मात्र अजून पेन्सिल आणि पेन दोन्ही सोबत असतात.

ज्यांना वरचा तक्ता स्वतः मांडायला जमत नाही त्यांनी बिलं आणि पासबुक घेऊन ऑफिसात या. घरात जो हिशेब बघतो त्याला, किंवा तिला, सोबत आणा. बंदीच्या दोन महिन्यांत जाळी शिवायची असतात तशी वहीही नीट करून घेऊ. आणि तुमच्याकडे बेरीज जुळून हिशेब चुकल्याची काही गोष्ट असेल तर खाली लिहा. नाव कोणाचं घेऊ नका, काय झालं तेवढं लिहा. इतरांच्या उपयोगी पडेल.